जमनावहिनीची टाकी

लोक विचारतात, "अशोकराव, तुमा प्लंबर लोकांकडं एवढे किस्से येतात कुठून?" अरे बाबा, ज्या खोलीत सख्खा भाऊसुद्धा दार वाजवून जातो, तिथं आमी हातात पाना घेऊन सरळ घुसतो! मग किस्से साचणार न्हाई तर काय? पाइपाला उतार कमी पडला की कसं थोडं थोडं आत राहून जातं, तसंच हे. एक सांगायला बसावं, तर मागचे चार ढकलत येतात.

आणि माझे किस्से म्हणजे खरं तर किसनदादाचे. किसन राठोड, सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. मी साखरा गावचा. नव्वद सालाच्या पुढं-मागं हिंगोलीत आमची जोडी जमली. तेव्हा गावात घरोघरी संडासात फ्लशच्या टाक्या बसायला लागल्या होत्या. बसवणारे लई होते. पण काही महिन्यांनी "फ्लश जोरात येईना" अशी कंप्लेंट आली, की शेठ आमालाच पाठवायचा. शेठ म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. त्याच्या दुकानापुढचं बाकडं हेच आमचं ऑफिस!

दादा माझ्याहून बराच मोठा. तोंडानं तिखट, पण हसवायला बसला की पोट दुखायचं. आज त्याचे किस्से सांगताना हसू येतं खरं, पण ते शेवटपर्यंत टिकत न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. कारण कुठूनही सुरुवात करा, शेवटी आपण येतो त्याच्या बायकोपाशी, जमनावहिनीपाशी.

*

पहिला गुरुजींचा.

त्या दिवसांत नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत. गुरुजींच्या घरी टाकी नवीकोरी, पण फ्लश दाबला की पाणी नुसतं कडेकडेनं ओघळायचं. दादानं झाकण उचललं आणि बघतच राहिला. मला म्हणाला, "अशोक, ये लवकर. कयाधू नदीचं पात्र बघ!"

टाकीत पाणी कमी, दगड-वीटच जास्त! झालं होतं असं, की गुरुजींच्या आईनं पाणी वाचावं म्हणून गुपचूप एक दगड सोडला होता. सुनेनं सासूला न सांगता एक वीट टाकली. गुरुजींनी वाळू भरून एक बाटली बुडवली. आणि कुणी कुणाला पत्ता लागू दिला न्हाई!

म्हातारी विचारते, "बाबा, टाकी तर काठोकाठ दिसून राहिली. मग पाणी काहून जात न्हाई?"

दादा म्हणाला, "आजी, काठोकाठच हाय. पाण्याला तेवढी जागा ठेवली न्हाई तुमी!"

घरभर हसू. म्हातारी मात्र ओशाळली. म्हणाली, "जल्मभर डोक्यावर पाणी वाहिलं रे. एका खटक्यात बादलीभर जातं, ते बघवत न्हाई." दादानं वीट काढली, बाटली काढली, बाकीचं सगळं साफ केलं. म्हातारीचा दगड तेवढा हळूच परत ठेवला आणि झाकण लावलं.

*

दुसरा वसमतचा. हळदीचा मोठा व्यापारी, घरात नुकतंच पोराचं लग्न झालेलं. त्याची कंप्लेंट अशी, की फ्लश कधी जोरात येतो, कधी येतच न्हाई!

आमी टाकी उघडली, पाण्यावर तरंगणारा बॉल बघितला, वॉशर बघितलं. कमोडच्या कडेच्या भोकांत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलाय का तेही बघितलं. सगळं ठीक. मी दाबला तर धो धो. दादा म्हणाला, "थांब, आपण चहा पिऊ."

चहा पिता पिता दादा नुसता बसून राहिला. सासूबाई जाऊन आल्या, फ्लश जोरात. पोरगा जाऊन आला, जोरात. नवी सून गेली, तर नुसतं सूं सूं! संडासाच्या भिंतीला लागूनच बैठक, आणि त्या भिंतीला टेकून सासऱ्याची खाट. फ्लश वाजला की सासऱ्याला कळणार सून कुठं होती! म्हणून ती बिचारी खटका अर्धाच दाबायची आणि वरून तांब्यानं पाणी ओतायची. माहेराहून आलेल्या पोरीनं कुणाला सांगावं हे?

दादानं भिंतीला हात लावला. बराच वेळ लावला. मग सासऱ्याला म्हणाला, "मालक, लफडं इथं हाय. भिंतीत ओल उतरून राहिली. तुमची खाट इथून हलवा, पार ओसरीवर न्या. न्हाईतर सांधे धरतील!"

खाट त्याच वेळी हलली. आमी निघालो तर मालक दारापर्यंत आला. "मिस्तरी, ही ओल किती दिवसांत वाळंल?"

दादा म्हणाला, "सून जुनी होईस्तवर!"

मालक खाली मान घालून आत गेला. खाट काही परत त्या भिंतीला आली न्हाई, हे आमाला नंतर कळलं.

*

तिसऱ्या किश्शाचा शेवट माझ्याच्यानं नीट सांगवत न्हाई, पण सांगतो.

हिंगोलीतच एक रिटायर झालेले साहेब. फ्लश केला की कमोडात नुसतं गुडगुड, पाणी जायलाच तयार न्हाई. आमी टाकी तपासली, पाइप तपासला. मग दादा गच्चीवर चढला. संडासाच्या पाइपाची हवा जायला वर एक नळी काढलेली असते. साहेबांनी त्या नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेली! का, तर शेजारीण म्हणती वास येतो.

दादा वरून ओरडला, "साहेब, याचं नाक तुमी दाबलं, मग तोंडानं गुडगुडणारच की!"

खाली आमी हसून राहिलो, आणि तेवढ्यात तांड्यावरचा एक माणूस सायकल टाकून फाटकात आला. त्यानं वर बघून त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मला त्यातलं 'जमना' एवढंच कळलं. दादा शिडीवरून उतरला. हात धुतले न्हाईत, हत्यारं उचलली न्हाईत. पिशवी त्याच्या मुठीतच राहिली होती, ती घेऊन तसाच गेला.

जमनावहिनीला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली.

*

आता वहिनीबद्दल सांगायला पाहिजे. दादाच्या तोंडाला लगाम कुणाचा असेल तर तिचा. आमी तांड्यावर गेलो की चुलीपाशी बसून ती दादाची मस्ती अशी उतरवायची की बस. दादा सांगायचा, "गावात मी मिस्तरी, इथं हेल्पर!" त्या बाईची जीभ बंद झाली. दवाखाना झाला, तेल झालं, मालिश झाली. पायात थोडा जीव आला, धरून चालवलं तर चार पावलं चालायची. शब्द काही आला न्हाई.

आणि सगळ्यात मोठी तकलीफ संडासची. आधी तिची सून आणि दादा तिला धरून झुडपामागं न्यायचे. दादा जवळ उभा राहिला की ती बसायचीच न्हाई. हातानं त्याला लांब लोटायची, डोळ्याला पाणी. शरम माणसाची वाचेसोबत जात न्हाई ना! मग दादा लांब जाऊन पाठ फिरवून बसायचा. आणि तिचं झालं हे त्याला कळणार कसं? हाक तर मारता येईना. एक दिवस सून शेतात होती. वहिनी वाट बघून बघून एका अंगावर कलंडली, आणि तशीच उन्हात पडून राहिली. दादा हाकेच्या अंतरावर पाठ करून बसलेला, पण हाकच न्हाई.

त्या दिवशी दादा बाकड्यावर येऊन बसला आणि मला म्हणाला, "अशोक, आख्ख्या हिंगोलीला फ्लश बसवले आपण. माझ्या बायकोला मी उन्हात पाडलं."

मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

*

त्याच्या घरी सरकारी योजनेतून बांधलेला संडास होता, पण त्यात सरपण भरलेलं. दादानं सरपण काढलं, खड्डा साफ केला आणि खुर्चीसारखं बसायचं कमोड आणलं. मग टाकी शोधायला लागला. मी म्हटलं, "दादा, शेठकडं प्लॅस्टिकची मस्त टाकी आलीय, आवाजसुद्धा येत न्हाई."

तो माझ्यावर खेकसला, "मला आवाजच पाहिजे!"

त्याच आठवड्यात एका जुन्या बंगल्यातली टाकी बदलायचं काम आलं. जुनी लोखंडी टाकी, उंचावर बसवलेली, लांब साखळी ओढायची. बाई म्हणाल्या, "मेली ओढली की गल्ली हादरते! काढा आधी." दादानं ती टाकी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि म्हणाला, "ताई, ही मला द्या."

दुकानापुढं रिक्षा थांबली तेव्हा शेठ पोट धरून हसला. "सारी दुनिया आवाज बंद करून राहिली, अन् हा भंगार घेऊन चालला!"

दादा म्हणाला, "शेठ, तिला हाक मारायला पाहिजे काहीतरी."

शेठचं हसू तिथंच थांबलं. त्यानं आतून नवा पाइप, नवा बॉल, नवं वॉशर आणलं आणि रिक्षात ठेवून दिलं.

आमी दोघांनी टाकी बसवली. तांड्यावर नळ कुठला? छतावर ड्रम चढवला. हापशावरून येताना बायका एक एक घागर त्यात ओतायला लागल्या, कुणी सांगितलं न्हाई तरी. सगळं झालं तेव्हा दादानं वहिनीला आत नेऊन बसवलं, साखळी तिच्या डाव्या हाताशी दिली, दार लोटलं, आणि चालत चालत पार गोठ्यापाशी जाऊन उभा राहिला.

तिनं ओढली. बाबो! कोंबड्या उडाल्या, कुत्री भुंकायला लागली, शेळीनं दावं तोडलं! तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, काठी टेकत बाहेर आले. "किसन, धरण फोडलं का रे!"

दादा धावत आला, दार उघडलं. वहिनी अर्ध्या तोंडानं हसून राहिली होती. मी तिला आजारपणानंतर पहिल्यांदाच हसताना बघितलं. आणि दादा, सगळ्यांना टोमणे मारणारा दादा, दाराची चौकट धरून लेकरासारखा रडला.

*

मग तांड्याला सवय झाली. टाकी वाजली की कुणीही म्हणायचं, "किसन, वहिनीनं बोलावलं." दादानं लांबची कामं सोडली. आला तर सकाळचा हिंगोलीला यायचा, दुपारच्या बसनं परत. घरी असला की अंगणात बसायचा, टाकी वाजली की उठायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा, दाराशी खाकरायचा. तिच्या काखेत हात घालायचा आणि हळूहळू बाजेवर आणायचा.

वहिनीचा मोठा भाऊ हरसिंग. उंच, धिप्पाड, शेतकरी माणूस, बोलणं अगदी कमी. त्याला वाटलं बहिणीला सोपं पडावं. तो बाजारातून एक पितळी घंटा घेऊन आला. म्हणाला, "ही वाजव, टाकी कशाला ओढत बसती?"

वहिनीनं घंटा हातात घेतली, उलटसुलट बघितली. मग डाव्या हाताचं एक बोट डोक्याशी शिंगासारखं धरलं, भावाकडं बघून मान हलवली, आणि घंटा जी फेकली ती थेट उकिरड्यावर! तिला वाचा नव्हती, पण सगळ्या अंगणाला कळलं ती काय म्हणाली ते. मी काय म्हैस हाय का?

हरसिंग एवढा मोठा गडी, पण कान धरून उभा राहिला. दादा हसून हसून लोळला. "बघा! माझ्या एकट्यालाच बोलती असं वाटत होतं तुमाला!"

*

दोन-तीन वर्षं अशी निघाली. मग एके दिवशी दादाचा निरोप आला, 'टाकीचा फ्लश जोरात येईना. पाना घेऊन ये.'

मी म्हटलं, दादाला मी काय शिकवणार? पण गेलो. त्या लोखंडी टाकीच्या पोटात एक जड लोखंडी भांडं असतं, पालथं घातलेलं. साखळी जोरात ओढली की ते वर जातं, सोडली की धाडकन बसतं आणि पाणी एकदम सुटतं. अर्धवट ओढली तर पाणी नुसतं ओघळतं. बस, एवढंच त्याचं मशीन. मी सगळं बघितलं. मी ओढली, तर गडगडाट!

मग वहिनीनं ओढली. साखळी थोडी खाली आली आणि हातातून सुटली. पाणी ओघळलं.

मी दादाकडं बघितलं. तो टाकीकडं बघून राहिला होता. म्हणाला, "वॉशर बदल."

"दादा, वॉशर नवीन हाय."

"मग दुसरं नवीन टाक!"

टाकलं. वहिनीनं पुन्हा ओढली. ओघळलं. दादा म्हणाला, "टाकीच भंगार निघाली. त्या बंगल्यावाल्या बाईनं फसवलं आपल्याला."

वहिनीनं मान हलवली. टाकीकडं बोट दाखवून खुणेनंच न्हाई म्हणाली. मग आपला डावा हात पुढं केला, मनगट लटकं सोडलं, आणि आमाला दाखवलं.

दादा ओरडला, "तू गप बस! तुला काय कळतं प्लंबिंगमधलं!"

आणि ती हसली. मला मात्र पाना ठेवायचं निमित्त करून बाहेर जावं लागलं.

*

उपाय दादानंच काढला. साखळीच्या टोकाला वजन बांधायचं, म्हणजे ओढायला कमी जोर लागतो. शेठकडं जुन्या तराजूची लोखंडी वजनं पडून होती. दादानं एक लहान वजन नेलं. फ्लश पुन्हा गरजला. काही महिन्यांनी पुन्हा कमी झाला, दादानं त्याच्या खाली दुसरं बांधलं. मग अजून एक. वहिनीच्या हातातलं जेवढं जाईल, तेवढं दादा साखळीला बांधत गेला.

शेठ म्हणायचा, "किसन, माझा तराजू लंगडा केलास!" आणि पुढच्या वेळी दादानं मागायच्या आधीच वजन काढून ठेवायचा.

शेवटी शेवटी तिनं साखळीला नुसतं बोट लावलं की टाकी गरजायची. कोंबड्या तशाच उडायच्या. दादा अंगणातून मला म्हणायचा, "ऐक, ऐक! अजून किती जोर हाय बघ तिच्यात!"

मी म्हणायचो, "व्हय दादा, लई जोर हाय."

*

आता हा शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत न्हाई.

वहिनी हरभरा काढायच्या दिवसांत गेली. दुपारी बाजेवर झोपली, उठली न्हाई. तिसऱ्या दिवशी मी आणि शेठ तांड्यावर गेलो. अंगणात माणसं बसलेली, नाईक होते, पाहुणे होते. लिंबाखाली वहिनीची बाज तशीच होती. सगळे खाली पोत्यावर बसलेले, बाजेवर कुणी बसलं न्हाई.

दादा बरा वाटत होता. रडला न्हाई, उलट सगळ्यांना चहा विचारून राहिला होता. नाईकांनी विषय काढला, की हापशाला पाणी कमी येतं. दादा त्यांना समजावून सांगायला लागला, की आतलं चामड्याचं वॉशर झिजलं असेल, ते काढायचं कसं, दांडा आधी वर घ्यायचा, मग...

तेवढ्यात टाकी वाजली.

दादाचं बोलणं अर्ध्यात थांबलं. तो उठला. खांद्यावर टॉवेल टाकला. नेहमीच्याच चालीनं अंगण ओलांडून गेला आणि दाराशी जाऊन खाकरला. आमी सगळे बघून राहिलो. शेठ उठायला लागला, तर नाईकांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

दार उघडलं. आतून हरसिंग वाकून बाहेर आला. दादानं पुढं होऊन त्याच्या काखेत दोन्ही हात घातले. म्हणाला, "हळू. उंबरा हाय."

हरसिंग दादाहून हातभर उंच. त्यानं दादाच्या तोंडाकडं बघितलं. आपला डावा हात दादाच्या मानेवर टाकला आणि अंग सैल सोडलं.

दोघं अंगणातून आले, एक एक पाऊल टाकत. दादानं त्याला बाजेवर बसवलं, पाठीशी गोधडी लावली, उजवा पाय उचलून नीट वर ठेवला. मग त्याच्याकडं वाकून विचारलं, "पाणी आणू?"

हरसिंगनं मान डोलावली.

दादा पाणी आणायला आत गेला.